मे महिन्यात जाऊ नका : नागपूरकरांसाठी ट्राउटच्या नदीची पहिली वारी

नागपुरात पारा 45 वर टेकला आणि कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावं लागायला लागलं, की घराघरांत हिमाचलचा विषय निघतो. पोरांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, साहेबही रजेला नाही म्हणत नाही, आणि कुणीतरी टूम काढतं की थंडगार नदी आहे, ट्राउट मासेही धरू. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो. मेचा तिसरा आठवडा, मनालीच्या खाली बियासचा काठ, हातात नवीकोरी काठी. चार दिवसांत एक मासा लागला नाही. लागणार कसा? पाणी तांदूळ धुतल्यासारखं राखाडी, आणि सकाळी जिथे घोटा बुडायचा तिथे दुपारनंतर मांडीला लागायचं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, "बेटा, ऊपर बर्फ पिघल रही है. अभी नदी किसी की नहीं सुनती." मला वाटलं, म्हाताऱ्याला मासेमारीतलं काही कळत नसावं.

नंतर तीनदा गेलो आणि दर वेळी त्या आजोबांचं म्हणणं थोडं जास्त पटत गेलं. ही वारी शाळेच्या सुट्टीवरून ठरवली की बिघडते. ती पाण्यावरून ठरवायची. काठी, गळ, तिकीट, परवाना हे सगळं त्यानंतर.

आधी सॅल्मनचा निकाल लावू

ट्राउट आणि सॅल्मन ही नावं आपल्या कानावर जोडीनंच पडतात, म्हणून नवखा माणूस हमखास विचारतो, दोन्ही मिळतील ना? नाही. भारतातल्या कुठल्याही नदीत सॅल्मन समुद्रातून चढून येत नाही. मुंबईचा रावस इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणून खपतो, पण त्याचा सॅल्मनच्या कुळाशी संबंध नाही. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारा आपल्या ओळखीचा मासा म्हणजे पाला, बंगाल्यांचा हिलसा. त्याचा जीवनक्रम सॅल्मनसारखाच, कूळ मात्र वेगळं.

ट्राउट मात्र सॅल्मनचा सख्खा भाऊबंद आहे. तपकिरी ट्राउट आणि अटलांटिक सॅल्मन एकाच प्रजातीसमूहात येतात, दोघांच्या शास्त्रीय नावाची सुरुवात 'साल्मो'. इंद्रधनुषी म्हणजे रेनबो ट्राउटला 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी पॅसिफिक सॅल्मनच्या घरात, 'ऑन्कोऱ्हिंकस'मध्ये, हलवलं. तेव्हा हिमाचलात रेनबो लागला तर सॅल्मनचा चुलतभाऊ भेटला असं म्हणायला हरकत नाही.

खरा सॅल्मनच हवा असेल तर पासपोर्ट काढा. नॉर्वेच्या नद्यांचा हंगाम साधारण जून ते ऑगस्ट असतो. तिथे सरकारी शुल्क वेगळं आणि त्या-त्या नदीचा परवाना वेगळा, शिवाय परजीवीच्या भीतीनं काठी-जाळी निर्जंतुक केल्याचा दाखला मागतात. 2024 च्या उन्हाळ्यात मासे इतके कमी चढले की मध्यातच 33 नद्या बंद कराव्या लागल्या, म्हणजे सगळे पैसे भरूनही हात हलवत परत यायची वेळ येऊ शकते. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरणं कायद्यानंच बंद आहे, हे आपल्या रविवारी सुट्टीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. अलास्कात पॅसिफिक सॅल्मनच्या पाच जाती चढतात आणि परदेशी माणसाला परवाना ऑनलाइन मिळतो, पण तिकडचं विमानभाडं बघून बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. माझाही संपला. इथून पुढे फक्त ट्राउट.

तारीख : सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

ट्राउटला थंड पाणी लागतं. 10 ते 16 अंश सेल्सिअसमध्ये तो खूश असतो, 20 च्या वर गेलं की खाणं सोडतो. कारण साधं आहे. पाणी थंड तेवढा त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आपला कन्हानचा मरळ हवा गिळून जगतो, चिखलात निभावतो. ट्राउटला ते जमत नाही. फुटाळ्यात ट्राउट सोडता येईल का, असं एका मित्रानं विचारलं होतं. येईल, संध्याकाळपर्यंत.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. हा त्यांच्या विणीचा काळ, मादी नदीतळाच्या खड्यांत खळगा करून अंडी घालते. उरले मार्च ते ऑक्टोबर. सहलीच्या जाहिराती इथेच घोळ घालतात, 'हंगाम मार्च ते जून' असं सरसकट छापतात. परवाना मिळतो हे खरं, पण मेच्या मध्यापासून वरचा बर्फ जोरात वितळायला लागतो. बियाससारखी मोठी नदी फुगते, गढूळ होते, आणि ट्राउट डोळ्यांनी शिकार करणारा मासा असल्यानं त्याला तुमचं आमिष दिसतच नाही. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळा. 2023 च्या जुलैत बियासच्या पुरानं कुलू-मनालीत काय केलं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे. त्या दिवसांत काठी घेऊन जाणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

म्हणजे खरे दिवस दोनच तुकड्यांत मिळतात. पहिला मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, दुसरा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून 31 ऑक्टोबरपर्यंत. मला दुसरा आवडतो. पावसाळा सरलेला, पाणी नितळ आणि उतरलेलं, आणि हिवाळ्याआधी पोट भरून घ्यायला मासा उतावीळ.

आता हे नागपूरच्या पंचांगावर बसवायचं. मार्चमध्ये दहावी-बारावी असलेल्या घरानं नाव काढू नये. नोकरदार एकट्या माणसाला एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा, 14 एप्रिलची सुट्टी जोडून घेता येते. शरदात दिवाळीच्या सुट्टीवर भिस्त ठेवू नका. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे फराळ खाऊन निघालात तर नदी बंद. 2027 ची दिवाळी 29 ऑक्टोबरची, तेव्हा सणाच्या आधीच जाऊन यावं लागेल. दसऱ्याचंही बघा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात नागपूरच्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि आपला दसरा संपतो तेव्हा कुलूचा सुरू होतो, तो सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतले देव पालख्यांतून कुलूला जातात, त्यांच्यामागे गावंही जातात. बघायला सुंदर आहे, पण तुमचा होमस्टेवाला देवाबरोबर गेलेला असू शकतो. आधी फोन करून विचारा.

नदी कुठली

ट्राउट भारतात मूळचा नाही. 1899 मध्ये ब्रिटनहून काश्मीरला पाठवलेली अंडी वाटेतच मेली, 1900 मधली खेप जगली. श्रीनगरजवळ हारवनला पैदास सुरू झाली, तिथून 1909 च्या सुमारास अंडी कुलू खोऱ्यात आली. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारला रेनबो नेला गेला. आज काश्मीरची लिद्दर, ब्रिंगी, हिमाचलची तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूकडची पब्बर अशी बरीच पाणी आहेत.

पहिल्या खेपेला मी डोळे झाकून तीर्थन सांगतो. नदी लहान आहे, बहुतेक ठिकाणी 10-12 मीटर फेक पुरते, काठानं वाट आहे, आणि स्थानिकांच्या लढ्यामुळे तिच्यावर मोठे जलविद्युत प्रकल्प झालेले नाहीत. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढे सांगतो. बंजार आणि गुशैणी ही मुक्कामाची गावं. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क लागतं, 2014 पासून जागतिक वारसा स्थळ. उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. खालच्या अंगाला लारजीला तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात.

काश्मीरमध्ये नदीचे पट्टे पाडलेले असतात आणि तुमच्या नावावर एक पट्टा दिला जातो. पाणी अप्रतिम, पण आखणी जास्त किचकट. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

परवाना

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून काढायचा. बंजार परिसरातच मिळतो, बरेच होमस्टेवाले काढून देतात. मी गेलो तेव्हा दिवसाला 100 रुपये पडले. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवा. त्या कागदावर दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि किमान किती लांबीचे, हे छापलेलं असतं. ते नदीवर जाण्यापूर्वी वाचा आणि शिंप्याची टेप खिशात टाका. अंदाजानं 'मोठाच आहे' म्हणून चालत नाही.

आणखी एक. हिमाचलात काही डोह देवाचे असतात, तिथे कुणी मासा धरत नाही, उलट लोक कणकेच्या गोळ्या खाऊ घालतात. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत महाशीर असेच राखलेत. कागदावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून नव्या डोहावर जाताना गावात विचारायचं.

सामान, आणि काय घेऊ नये

दुकानदार तुम्हाला फ्लाय रॉड दाखवेल. सिनेमातल्यासारखी हवेत लयीत फिरणारी दोरी दिसायला देखणी असते, पण ती विद्या चार दिवसांत येत नाही. पहिल्या वर्षी साधी, रिळानं फेकायची स्पिनिंग काठीच घ्या.

काठी साडेसहा-सात फुटांची, हलकी, दोन किंवा चार तुकड्यांची. रीळ 1000 ते 2500 या मापातलं. दोरी तीन किलोच्या आसपास ताण सोसणारी साधी नायलॉन, पारदर्शक. जाड दोरी घेतली की सुरक्षित वाटतं, पण नितळ पाण्यात मासा ती बघतो आणि हलकं आमिष लांब जात नाही. माझ्या पहिल्या रिळावर मरळसाठीची जाडजूड दोरी होती, दुकानदारानं 'तुटणार नाही' म्हणून भरून दिलेली. तुटली नाही खरी. तुटायला मासा लागावा लागतो.

आमिषं म्हणजे लहान स्पिनर, म्हणजे पाण्यात पातं गरगरणारी धातूची आमिषं, 0 ते 2 नंबरचे, चांदी आणि पितळी रंगातले, आणि चमच्याच्या आकाराचे दोन-तीन छोटे 'स्पून'. एकूण आठ-दहा पुरेत, त्यातले चार खडकांत अडकून जाणार हे धरून चाला. गांडूळ, कणीक, पाव घरी ठेवा. नैसर्गिक आमिष मासा घशापर्यंत गिळतो, मग तो सोडला तरी जगत नाही. घरीच पक्कड घेऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा सोडणं सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या बोटात घुसला तर तोही सहज निघतो. बोटात घुसतोच, पहिल्या वर्षी.

चष्मा मात्र चांगला घ्या, पोलराइज्ड. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळातले दगड, मासे दिसायला लागतात. माझ्या मते काठीपेक्षा चष्म्यावर जास्त पैसे घालवावेत. लहान जाळी रबराची घ्या, नायलॉनची गाठीची जाळी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते आणि मग त्याला बुरशी लागते.

कपडे गडद, मळकट रंगाचे. मार्च आणि ऑक्टोबरच्या रात्री गुशैणीत चांगलाच गारठा असतो, नागपूरच्या जानेवारीचा स्वेटर एकटा पुरत नाही. बुटाचा तळ घट्ट पकडणारा हवा. नदीतल्या दगडांवर शेवाळ असतं.

तयारी नागपुरातच करा

नदीवर मिळणार जेमतेम चार दिवस, त्यातला एक दिवस फेक शिकण्यात घालवणं परवडत नाही. गळ न लावता दोरीला 5-7 ग्रॅमचं वजन बांधा आणि सकाळी एखाद्या मैदानावर जा. बारा पावलांवर घमेलं ठेवा आणि त्यात वजन पाडा. दहातले सहा पडायला लागले की पंधरा पावलं. मग बाजूनं फेका, उलट्या हातानं फेका, झाडाखालून फेका, कारण नदीवर डोक्यावर देवदाराची फांदी असतेच. मैदानात पोट्टे गोळा होतात. "काका, इथं मासे भेटते का?" हा प्रश्न मला एका सकाळी चार वेळा आला. पाचव्या वेळी मी हो म्हणालो.

अंबाझरी किंवा कुठल्याही तलावावर खरा गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथला मासा त्यांच्या पोटापाण्याचा आहे. पेंच प्रकल्पाच्या जंगलातल्या पाण्याकडे तर बघूही नका.

गाठ एकच शिका, पण अंधारात बांधता येईल इतकी. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवायची, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणायचं, मग तयार झालेल्या मोठ्या फाशातून काढायचं. ओढण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडी ओढली की नायलॉन घर्षणानं भाजतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागल्यावर दोरी किती ताणाला सुटेल ते, पाण्याच्या बाटलीनं ठरवता येतं. तीन किलोच्या दोरीला त्याच्या चौथ्या हिश्शाचा ताण पुरे. पाऊण लिटर भरलेली बाटली दोरीला टांगा आणि ती सावकाश खाली सरकेल इतपत रिळाची चकती सैल करा.

नदी वाचायला, म्हणजे मासा कुठे असेल ते पाण्यावरून ओळखायला, मात्र मला कन्हानच्या काठावरच्या एका ढीवर काकांनी शिकवलं. त्यांनी ट्राउट कधी पाहिलेला नाही. एकदा मी मधल्या धारेत गळ टाकत होतो, तर म्हणाले, "धारीत काहून टाकतं बाबू? मासा धारीच्या बाजूले राहते. खाणं धारीतून येते, पोहाची मेहनत कोण करन?" ट्राउटवर शेकड्यानं पुस्तकं आहेत, त्यांचा निम्मा सार या वाक्यात आहे. दोन-चार रविवार अशा माणसाजवळ बसा. गरी त्यांच्या हातात, तुम्ही फक्त बघा.

प्रवास

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. तारीख ठरली की त्या दिवशी सकाळी तिकीट काढून टाका. तामिळनाडू, तेलंगणा, जी.टी. यांपैकी कुठलीही गाडी दिल्लीला साधारण 15 ते 18 तासांत पोचवते. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गानं तिसरं स्टेशन काश्मिरी गेट, तिथून मनालीची रात्रीची बस. कंडक्टरला चढतानाच सांगा, औटला, बोगद्याच्या आधी उतरायचंय. झोप लागली तर बस बोगद्यातून पार कुलूकडे निघून जाते, पहाटे मागे यायला वाहन सापडत नाही. अनुभव आहे. औटवरून लारजीमार्गे बंजार तासाभराचं, तिथून गुशैणी दहाएक किलोमीटर.

काठी प्लंबरच्या पीव्हीसी पाइपमध्ये घाला, दोन्ही टोकांना झाकणं. वरच्या बर्थवर भिंतीला लागून निवांत बसते. विमानानं जाणार असाल तर गळ, आमिषं, पक्कड हे सगळं चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत ठेवलंत तर तपासणीवर तिथेच सोडून यावं लागेल.

जाऊन-येऊन प्रवासाचे चार दिवस धरा. म्हणून नदीवर निदान चार दिवस मिळत नसतील तर निघू नये, असं माझं मत. दोन दिवसांत पाऊस पडून पाणी गढूळ झालं की सगळं पाण्यात.

पाण्यावर

पहिल्या सकाळी काठी खोलीतच ठेवा. चहा घेऊन काठाकाठानं दोन किलोमीटर चाला आणि नुसतं बघा. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी संथ होतं, तिथे तो असतो. कधी धोंड्याच्या पुढेही असतो, तिथे पाण्याची उशी तयार होते. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, तिथे फेसाची रेघ दिसते. त्या रेघेवर लक्ष ठेवा, खाणं तिथूनच वाहतं. खळाळ संपून डोह सुरू होतो ते तोंड, आणि काठाखाली पाण्यानं कोरलेली कपार, याही खात्रीच्या जागा. डोहाचा मधला खोल, हिरवागार भाग नवख्याला सगळ्यात आकर्षक वाटतो. मी त्यात सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे आणि सगळ्यात कमी मासे धरले आहेत.

मासा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून असतो, तेव्हा तुम्ही खालून वर सरका, त्याच्या पाठीमागून. वाकून चाला, सावली पाण्यावर पडू देऊ नका. दगडावर बूट आपटला तरी त्याला कळतं. स्पिनर वरच्या बाजूला तिरका टाकायचा आणि प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगानं गुंडाळायचा, इतका की पातं फिरतंय हे काठीच्या टोकाला थरथरीतून जाणवलं पाहिजे. एका जागी पाच-सहा फेकी, मग दोन पावलं पुढे. कन्हानवर एका दगडावर बसून दुपार काढायची सवय इथे मोडावी लागते.

वेळ सकाळची. उन्हानं वरचा बर्फ वितळून ते पाणी खाली येईपर्यंत दुपार टळते, म्हणून एप्रिलमध्येही सकाळी नदी नितळ आणि दुपारनंतर चढलेली असते. मे महिन्यातच जाणं भाग असेल तर तीर्थनच्या वरच्या अंगाला पहाटे ते दहा एवढाच वेळ धरा, आणि बाकी दिवस पाय पाण्यात सोडून बसा.

आता सुरक्षेचं. 8 जून 2014 ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. हा लोंढा पावसाचा नव्हता. धरणाखालच्या नदीत पाणी चढायला मिनिटं लागतात. तीर्थन सुचवलं ते यासाठी. तरीही लारजीकडे खाली सरकताना धरणाखालच्या पात्रात अजिबात उतरू नका, कोरडं दिसत असलं तरी. वरच्या अंगालाही पाणी अचानक मातकट झालं, पाचोळा आणि काटक्या वाहायला लागल्या किंवा नदीचा आवाज बदलला, तर आमिष अडकलेलं असेल तर दोरी कापा आणि काठ चढा. वर कुठेतरी ढग फुटला असू शकतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. आठ-दहा अंशांच्या पाण्यात पडलात तर अंबाझरीत पोहण्याचा सराव कामी येत नाही, छाती आवळते आणि हात चालत नाहीत. एकट्यानं जाऊ नका. बरेच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, गळ्यात शिटी ठेवा.

मासा लागला तर

पहिला झटका बसला की माणूस काठी आभाळाकडे खेचतो. खेचू नका, नुसती ताठ उचला. मासा पळत असेल तर पळू द्या, ड्रॅग त्यासाठीच लावला आहे. थांबला की गुंडाळा. उडी मारली तर काठीचं टोक खाली करा, दोरी क्षणभर सैल पडते आणि गळ निसटत नाही. तीर्थनमध्ये वीतभर-दीड वीत मासा नेहमीचा, हातभर लागला तर गावात सांगत फिरा.

सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, मासा जाळीत आणि जाळी पाण्यातच ठेवा, पकडीनं गळ काढा. फोटोसाठी बाहेर काढलात तर तुम्ही स्वतःचा श्वास रोखून धरा, तुमचा सुटायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे. मग तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरून ठेवा, तो आपण होऊन निसटतो.

सगळेच सोडा असं मी म्हणत नाही. ट्राउट इथे उपरा आहे, हिमालयातल्या मूळच्या 'असला' नावाच्या माशाच्या पाण्यात आणून सोडलेला. या 'असला' माशाला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तो आपल्या रोहूच्या कुळातला आहे, तो गळाला लागला तर मात्र सोडून द्या. ट्राउट नियमात बसणारा असेल तर एखादा घरी न्यायला हरकत नाही. न्यायचा तर लगेच डोक्यावर मारून संपवा, पिशवीत तडफडत ठेवू नका, आणि नदीवरच पोट साफ करून आतडी काठापासून दूर पुरा.

एका सहलीत मी सावजी मसाला डब्यात भरून नेला होता. यजमानीणबाईंनी वास घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि अर्धा मासा माझ्या हवाली केला. उरलेला अर्धा त्यांनी मीठ-हळद लावून मोहरीच्या तेलात तळला. माझ्या अर्ध्यात मसाला लागला, मासा लागला नाही. तेव्हापासून डबा नेतो तो संत्रा बर्फीचा. परवाना काढून देणाऱ्या घरात त्याचा चांगला उपयोग होतो.